ऑस्ट्रेलियातल्या डार्विन शहराच्या खारफुटीत दिसलेला लाल डोक्याचा चिमुकला पक्षी शिंजीर असेल का?

नाही. खारफुटीत तो दिसला आणि डोकं व गळा लालभडक, बाकी अंग काळपट तपकिरी होतं, म्हणजे तो रेड-हेडेड हनीइटर या मध खाणाऱ्या पक्ष्याचा नर. लांबी सुमारे १२ सेंमी, वजन जेमतेम ८ ग्रॅम, चोच लांब, काळी, खाली वाकलेली. खात्रीसाठी तो उडताना पाठीकडे बघा: शेपटीच्या वरचा भागही लाल असतो, मधली पाठ मात्र काळपटच. लाली छाती-पाठीवर पसरलेली आणि पोट पांढुरकं असेल तर तो स्कार्लेट हनीइटर, पण तो पूर्व किनाऱ्याकडचा.

खरी फसगत मादीत होते. ती करडी-तपकिरी, कपाळ आणि हनुवटीवर जरा तांबूस झाक. ही झाक सावलीत दिसतच नाही, आणि मग ती डस्की हनीइटर या दुसऱ्याच जातीची वाटते.

रेड-हेडेड हनीइटर हा उत्तर ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावरचा आणि दक्षिण न्यू गिनीतला पक्षी. शोधायचा तर ब्रुगिएरा या खारफुटीच्या झाडाची फुलं जिथे आहेत तिथेच थांबा. या फुलांच्या पाकळ्या ताणलेल्या असतात, चोच लागताच उघडतात आणि पराग पक्ष्याच्या तोंडावर उडतो. मधाबरोबर तो किडे आणि कोळीही खातो. जवळच्या पेपरबार्क झाडांना बहर आला की तिकडेही जातो.

आपल्या शिंजिराशी साम्य फक्त वरवरचं, कुळं वेगळी आहेत. शिंजिराची जीभ नळीसारखी, हनीइटरची टोकाला कुंचल्यासारखी. भारतात हनीइटर नाहीतच.