नवऱ्याला हिपॅटायटिस ई झालाय आणि मला सातवा महिना आहे

प्रश्न: डॉक्टर, माझ्या नवऱ्याला आधी ताप, मळमळ, मग डोळे पिवळे झाले आणि टेस्टमध्ये हिपॅटायटिस ई निघाला. मला सातवा महिना चालू आहे, सध्या त्रास काहीच नाही. मी वेगळं राहू का? आम्ही दोघांनी हिपॅटायटिसची लस घेतली होती, घरातलं पाणीही एकदम स्वच्छ दिसतं, मग हे झालं कसं?

उत्तर: ताई, तुम्ही घेतलेली लस बहुतेक बी ची असणार, ई चा व्हायरस वेगळाच, त्याच्यावर ती चालत नाही. ई ची लस चीनमध्ये २०११ ला मंजूर झाली पण बहुतेक देशांत अजून मिळत नाही.

आणि पाणी स्वच्छ दिसतं यावर अजिबात जाऊ नका. १९५५-५६ ला दिल्लीत यमुनेतलं सांडपाणी पाणीपुरवठ्यात शिरलं, तेव्हा जंतू मारायला क्लोरिन वाढवलं होतं, त्यामुळे टायफॉइड वाढला नाही पण काविळीचे २९,००० च्या आसपास पेशंट झाले, आणि तो हिपॅटायटिस ई होता हे कितीतरी वर्षांनी साठवलेल्या रक्ताच्या टेस्टवरून कळलं. हा व्हायरस संडासातून बाहेर पडतो आणि पाण्यातून तोंडात जातो. माणसाकडून थेट माणसाला तसा कमी लागतो, त्यामुळे नवऱ्याजवळ बसलात म्हणून घाबरू नका, खरी काळजी ही की तुम्ही दोघं एकच पाणी प्यायलात.

आज त्रास नाही म्हणजे सुटलात असंही नाही. लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला २ ते १० आठवडे लागतात. बलायन नावाच्या सोव्हिएत शास्त्रज्ञाने १९८३ च्या सुमारास पेशंटच्या विष्ठेचा अर्क स्वतः गिळला होता, त्यांना छत्तिसाव्या दिवशी आजार झाला! म्हणून पुढचे दोन-अडीच महिने लक्ष ठेवा.

हे इतकं सांगतेय कारण एरवी हा आजार बहुतेकांचा आपोआप बरा होतो, पण शेवटच्या तिमाहीत गाठला तर लिव्हर एकदम फेल होऊ शकतं, साथींमध्ये अशा बायकांपैकी २० ते २५ टक्के दगावल्यात. भूक मेली, उलट्या सुरू झाल्या, लघवी गडद पिवळी दिसली की त्याच दिवशी डॉक्टर गाठा, डोळे पिवळे व्हायची वाट बघू नका. बोलण्यात गोंधळ, फार झोप किंवा कुठून रक्त येत असेल तर सरळ मोठं हॉस्पिटल. टेस्ट सांगायची तर ताजी लागण दाखवणारी आयजीएम अँटीबॉडी, सोबत लिव्हरची इजा दाखवणारी एसजीपीटी, काविळीचं प्रमाण सांगणारं बिलिरुबिन आणि रक्त गोठायला किती वेळ लागतो ते मोजणारी पीटी-आयएनआर, हा शेवटचा आकडा लिव्हर किती काम करतंय ते सांगतो. नुसती आयजीजी ही दुसरी अँटीबॉडी पॉझिटिव्ह असेल तर ती जुन्या लागणीचीही असू शकते.

पाणी खळखळ उकळू द्या, झाकून गार करा, आणि ब्रशच्या ग्लासातही तेच घ्या, तिथेच बरेच जण चुकतात. बर्फ आणि बाहेरचं कच्चं सध्या बंद. नवऱ्याच्या विष्ठेतून कावीळ झाल्यावरही तीन-चार आठवडे व्हायरस जातो, तोवर त्यांनी स्वयंपाकाला हात लावू नये, संडासनंतर हात साबणानेच धुवावेत, सॅनिटायझरवर विसंबू नका. मनाने कोणतीही गोळी किंवा झाडपाल्याचं औषध दोघांनीही घेऊ नका, आधीच सुजलेल्या लिव्हरला ते झेपत नाही.

आणि नवऱ्याचा रिपोर्ट तुमच्या गायनॅकला आजच दाखवा, पुढच्या तपासणीपर्यंत थांबू नका.