म्हाताऱ्यांच्या देखभालीसाठी सरकारी विमा: पगारातली आणखी एक कपात?

तुम्ही विचारलंय की जर्मनी-जपानसारखा देखभाल विमा सरकारने आपल्याकडे आणला तर ती नोकरदारांवर आणखी एक कपातच नाही का. ज्याला गरज वाटेल तो घेईल की खाजगी विमा.

माझ्या सासूबाईंना लकवा झाला, उजवी बाजू गेली. दवाखान्यातल्या नऊ दिवसांचा खर्च विम्यातून निघाला. पुढची चार वर्षं त्या अमळनेरजवळच्या आमच्या घरी खाटेवर होत्या. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. लघवीची नळी, डायपर, चमच्याने भरवणं. याला कोणी उपचार म्हणत नाही, म्हणून विमा एक रुपया देत नाही. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढच्या सगळ्यांना आयुष्मान भारतमध्ये वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळू लागले. चांगलंच झालं, पण तेही भरती झाल्यावरच. यजमान सुरतेला कामाला, म्हणून शाळेतली नोकरी मी सोडली. "मन्हामुये तुले तरास," असं त्या रोज म्हणायच्या.

'हवं त्याने घ्यावा' हे अमेरिकेत करून पाहिलंय. २०१० च्या आरोग्य कायद्यात असा ऐच्छिक सरकारी विमा होता. तो सुरू होण्याआधीच गुंडाळावा लागला आणि २०१३ मध्ये रद्द झाला. आजारपणाची धास्ती असलेलेच येणार, धडधाकट माणूस फिरकणार नाही, मग हप्ता परवडणार कुणाला? जर्मनीने १९९५ पासून तो सक्तीचा केला. जपानने २०००मध्ये, तिथे चाळिशीपासून हप्ता लागतो आणि साधारण निम्मा पैसा करांतून येतो.

जपानने घरच्यांच्या हातात रोख पैसे दिले नाहीत. दिले तर सगळं पुन्हा सुनेच्याच गळ्यात पडेल, असं तिथल्या बायकांनी ठासून सांगितलं होतं. जर्मनी रोख रक्कमही देते, शिवाय घरी सांभाळणाऱ्याच्या पेन्शनचा हप्ता भरते. मी या दोन्हींवर खूप विचार केलाय. मला तेव्हा पैशांपेक्षा एक शिकलेली बाई हवी होती, सकाळ-संध्याकाळ तासभर येऊन कूस बदलणारी, जखम धुणारी. गावात पैसे देऊनही ती मिळत नव्हती. म्हणून आधी सेवा. आणि पेन्शनचा हप्ता मात्र जर्मनीसारखा भरावाच. माझी चार वर्षं कुठल्याच खात्यात जमा नाहीत.

कपातीबद्दलचा तुमचा आक्षेप मला पटतो, पण वेगळ्या कारणाने. नुसती पगारातून वसुली केली, तर विमा पगारदारांचाच होईल. रावेरच्या केळीच्या बागेत राबणाऱ्याकडे पगाराची स्लिप कुठली? आपल्याकडे मोठा वाटा करांतूनच यायला हवा.

आमच्या गल्लीत एका मजूर बाईचे सासरे वर्षभर पडून आहेत. घरी थांबली तर तिचा रोज बुडतो. म्हणून सकाळी त्यांच्या उशाशी भाकर आणि पाण्याचा तांब्या ठेवते, बाहेरून कडी लावते आणि कापूस वेचायला जाते. ती कडी संध्याकाळीच निघते.