मुलगी सेमी इंग्रजीत सहावीला आहे. स्पेलिंग आणि गणिताच्या स्पर्धेची तयारी घरी होते का, की क्लास लावावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: डिसेंबरात आंतरशालेय स्पेलिंग स्पर्धा, जानेवारीअखेर गणिताची, त्यात एक फेरी लेखी आणि एक तोंडी, बझरची. क्लासवाले १२ हजार मागतायत. लावावा की घरी जमेल? आणि यंदा संक्रांतीच्या गड्डा यात्रेला जाणं बंद करावं का?

आधी माझी लायकी सांगतो. मी शिक्षक नाही. सोलापुरात चाटी गल्लीत कापडाच्या दुकानात हिशेब लिहितो, शिक्षण बी.कॉम., इंग्रजी बेताचं. पण बहिणीची मुलगी तीन वर्षं या स्पर्धांना बसली, तिची तयारी माझ्याकडे होती. तिच्यामागून गल्लीतली चार-पाच पोरंही रात्री जेवणं उरकून यायला लागली. त्यातून जे कळलं तेवढंच लिहितो.

पहिल्या वर्षी भाची दुसऱ्याच फेरीत घरी आली. शब्द होता 'प्रिन्सिपल'. समोर पहिल्या रांगेत त्या शाळेच्या मुख्याध्यापिका बसलेल्या. हिने त्यांच्याकडे बघितलं आणि धडाधड सांगून मोकळी झाली, शेवटी पी-ए-एल. घंटा वाजली. परीक्षकांना हवं होतं तत्त्व या अर्थाचं, म्हणजे शेवटी पी-एल-ई. दोन्ही स्पेलिंगं तिला झोपेत उठवून विचारली तरी आली असती. रिक्षात बसल्यावर मी म्हटलं, "अगं, अर्थ विचारायचा की!" ती म्हणाली, "मामा, विचारलं तर येत नाही असं वाटलं असतं त्यांना."

माझ्या मते सगळं इथंच आहे. आपल्या पोरांना शब्द कमी येत नाहीत, विचारायची लाज वाटते. वर्गात प्रश्न विचारणारा म्हणजे लक्ष नसलेला, हे पहिलीपासून डोक्यात बसलेलं असतं. स्पेलिंगच्या स्पर्धेत मात्र विचारणं हा हक्क आहे. अर्थ काय, शब्द मूळ कुठल्या भाषेतला, नाम की क्रियापद, वाक्यात वापरून दाखवा, पुन्हा उच्चारा. एवढं बहुतेक ठिकाणी विचारू देतात. तुमच्या स्पर्धेच्या नियमांत काय आहे ते मात्र आधी बघून घ्या.

त्या रात्री मी मोबाईलवर अमेरिकेतल्या राष्ट्रीय स्पेलिंग बीचे व्हिडिओ शोधून काढले. ही स्पर्धा १९२५ पासून चालू आहे. आपल्या वंशाच्या मुलांचा तिथला दबदबा १९८५ साली बालू नटराजनपासून सुरू झाला, आणि २०१९ ला तर आठ जण संयुक्त विजेते ठरले, त्यातले सात भारतीय वंशाचे. पण भाचीला सगळ्यात आवडली ती २०२१ ची विजेती झायला अव्हाँ-गार्द. तिचा शेवटचा शब्द 'मरेया', म्हणजे ज्या कुळात आपला कढीपत्ता धरला जायचा ते झाडांचं कुळ. अख्खा देश बघतोय, आणि ही पोरगी परीक्षकांना विचारते की यात मरे हे इंग्रजी नाव आहे का, बिल मरे या विनोदी नटाचं असतं तसं. सगळे हसले, मग तिने स्पेलिंग सांगितलं, बरोबर. त्या कुळाला नाव खरंच मरे आडनावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञावरून पडलंय. भाचीने ते दहा वेळा तरी पाहिलं असेल. मग मी नियम केला की घरी सरावात एकही प्रश्न न विचारता स्पेलिंग सांगितलं तर बरोबर असलं तरी चूक धरायचं. पहिला आठवडा ती चिडली, नंतर माझीच पंचाईत व्हायला लागली, कारण मला उत्तरं यायची नाहीत. डिक्शनरी हाताशी ठेवा.

मूळ भाषा विचारून काय मिळतं? पुष्कळ काही. सी-एच ही दोन अक्षरं घ्या. शब्द ग्रीकमधून आला असेल तर बहुतेक वेळा 'क' (स्कूल, केमिस्ट, स्टमक), फ्रेंचमधून असेल तर 'श' (शेफ, मशीन, पॅराशूट), आणि चेअर, चीझ यांचा 'च' तर सगळ्यांना ठाऊकच आहे. फ्रेंच शब्दाच्या शेवटी 'ओ' ऐकू आला की ई-ए-यूची शंका घ्यायची, ब्यूरो आणि प्लॅटोसारखी. एवढं समजलं की शंभर शब्द पाठ करायचे वाचतात. 'लेफ्टनंट'साठी 'खोटं तू दहा मुंग्या' ही युक्ती आपण सगळ्यांनी केलीय, पण ती एका शब्दापुरती चालते, पुढच्या शब्दाला मुंग्या कामाला येत नाहीत.

आपल्याकडून गेलेले शब्द पोरांना फार आवडतात. मंगूस हा आपला मराठी मुंगूस. जगरनॉट म्हणजे पुरीचा जगन्नाथ. घुशीला इंग्रजीत बॅन्डिकूट म्हणतात. तो शब्द तेलुगू 'पंदिकोक्कु'वरून गेलाय, डुक्कर-उंदीर असा त्याचा अर्थ. हे सांगितलं तेव्हा पूर्व भागातला, घरी तेलुगू बोलणारा एक पद्मशाली पोरगा आमच्यात बसायचा, तो उठून पळत घरी आजीला विचारायला गेला. खात्री करून परत आला. त्यानंतर तो शब्द विसरला असेल असं मला वाटत नाही. फक्त मधे के नाही, सी आहे, एवढं त्याला बजावावं लागलं.

आता एक खास आपल्याकडची गोष्ट, क्लासवाले हिच्याबद्दल बोलत नाहीत. आपण एम, एन, एल, एस म्हणत नाही. यम, यन, यल, यस म्हणतो. समोरासमोर चालतं, पण हॉलमधल्या खरखरत्या माइकवर 'यम' की 'यन' हे परीक्षकाला कळत नाही. आमचा एक पोरगा यातच बाद झाला असावा असा माझा अजून संशय आहे. जी आणि जे यांचीही तीच गत. मुलीला रोज दहा मिनिटं मोबाईलवर रेकॉर्ड करून तिचं तिलाच ऐकवा. आणि बऱ्याच स्पर्धांत पहिल्यापासून पुन्हा सुरू करता येतं, पण एकदा बोललेलं अक्षर बदलता येत नाही, म्हणून सावकाश.

पाठांतराचं म्हणाल तर मी दुकानातलीच पद्धत वापरली. चुकलेला शब्द उधारीच्या वहीत. उद्या तगादा, मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने, मग तीन आठवड्यांनी. चारही वेळा बरोबर आला की खातं बंद, शब्दावर रेघ. मधे चुकला की पुन्हा पहिल्यापासून. रोज नवे शब्द दहाच, जास्त नाही. भाचीच्या वहीत सगळ्यात जुनी थकबाकी 'मेंटेनन्स'ची होती. ती मेंटेनवरून घ्यायची आणि मधे टी-ए-आय-एन घालायची. तिथे टी-ई-एन आहे. सहा वेळा चुकली. तिसऱ्या वर्षी शेवटच्या दोघांत आली तेव्हा समोरच्या पोराला हाच शब्द आला, त्याने ए-आय घातलं, मग तो हिच्याकडे आला. तिने आधी वाक्य विचारलं. कशाला विचारलं म्हटलं तर म्हणे, "श्वास घ्यायला."

क्लासचं आता सांगतो. आमच्या गल्लीतल्या एकाने असेच पैसे भरून मुलाला घातलं होतं. हातात काय आलं, तर शब्दांच्या यादीची जाडजूड झेरॉक्स, अर्थ नाहीत, उच्चार नाहीत. तुम्हाला रोज रात्री अर्धा तास काढता येत असेल तर १२ हजार वाचवा आणि त्यातल्या थोड्यात चांगली डिक्शनरी घ्या. दोघंही नोकरीला असाल आणि खरंच वेळ नसेल, तर एखाद्या निवृत्त बाईंकडे चार मुलांत बसवा. पन्नास मुलांच्या हॉलमध्ये तोंडी सराव होत नाही.

गणिताबद्दल मी कमी लिहितो, कारण तिथे तुम्ही घरी जास्त करू शकता. फक्त 'विचारलंय काय' हे इथेही लागू आहे. भाचीने पाचवीत शिष्यवृत्ती दिली तेव्हा पहिल्या पेपरला दीड तासात ७५ प्रश्न होते, म्हणजे एकाला ७२ सेकंद. घाईत पोरं अर्धा प्रश्न वाचतात आणि उरलेला मनाने पुरा करतात. आपल्या गावाने यासाठी एक गणित फुकट दिलंय. पाणी चार दिवसांआड येतं आणि आज सोमवारी आलं, तर पुन्हा सोमवारी कधी येईल? निम्मी पोरं चार गुणिले सात करून २८ दिवस सांगतात. पण चार दिवसांआड म्हणजे पाचव्या दिवशी. पाच आणि सात यांचा लसावि ३५. सोमवारनंतर शनिवार, गुरुवार, मंगळवार, रविवार, शुक्रवार, बुधवार, मग सोमवार. ज्यांच्या घरी बादल्या भरायचं काम पोरांकडे असतं ती लसावि न काढता बोटांवर मोजून बरोबर सांगतात, हे मी पाहिलंय.

बझर फेरीत सेमीच्या मुलांचा घात मराठी आकडे करतात. 'एकोणऐंशी' कानावर पडलं की ऐंशी ऐकून ८९ लिहितात. तुमच्या स्पर्धेत प्रश्न मराठीतून वाचणार असतील तर एकोणतीस ते एकोणनव्वद तोंडी पक्के करून घ्या. ते झालं की पाढे, वर्ग, घन नेहमीप्रमाणे.

आणि कंटाळा आला की कापरेकरांचा खेळ. द. रा. कापरेकर देवळालीला शाळामास्तर होते, १९४९ साली त्यांनी हे दाखवलं. चार अंकी कुठलीही संख्या घ्या, सगळे अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने मांडा, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा, आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच. जास्तीत जास्त सात वेळा केलं की ६१७४ येतंच आणि तिथेच अडकतं. सोलापूरच्या पिनकोडचे पहिले चार अंक घ्या, ४१३०. ४३१० वजा ०१३४, आले ४१७६. ७६४१ वजा १४६७, आले ६१७४. दोनच पायऱ्यांत! आमच्या पोरांनी गाड्यांचे नंबर घेऊन हे इतकं केलं की हातच्याच्या वजाबाकीचा वेगळा सराव घ्यावा लागला नाही.

राहिला गड्डा. माझं ऐकाल तर न्या. संक्रांतीच्या दिवसांत यात्रा भरते त्या होम मैदानाचा आवाज घरात ऐकू येत असताना पोरीला पुस्तक धरून बसवलं तर ती पुस्तकही वाचणार नाही आणि पाळणाही हुकेल. एक संध्याकाळ द्या. जाता जाता विचारा, यात्रेत मिरवतात त्या उंच काठ्या, म्हणजे सात नंदीध्वज, एका रांगेत, प्रत्येक दोघांत दहा फूट, तर पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत किती? सत्तर म्हणाली तर हसा आणि पाळण्यात बसवा. उधारीच्या वहीत नोंद घरी आल्यावर करा.