फांद्यांवरच्या बर्फाचे फोटो राखाडी का येतात आणि ते नीट कसे काढायचे?

तुम्ही लिहिलंय की मागच्या हिवाळ्यात मनालीला काढलेल्या फोटोंत बर्फ राखाडी आला, काही फोटोंत तर चक्क निळा, आणि पांढऱ्या आकाशासमोर फांद्यांवरचा बर्फ दिसलाच नाही, आणि आता जानेवारीत गुलमर्गला जाताय तर काय बदलायचं. मी अमेरिकेत मिनियापोलिसला राहते, हा माझा इथला नववा हिवाळा, आणि बर्फाने लगडलेल्या फांद्या हा माझा सगळ्यात जिव्हाळ्याचा विषय आहे, त्यामुळे उत्तर जरा लांबणार.

पहिल्या वर्षी माझेही अगदी असेच फोटो यायचे. साताऱ्याला आईला पाठवले तर ती म्हणाली, "अगं, झाडांवर राख कसली पडलीय?" आणि खरंच राखच दिसत होती. मग बसून कारण शोधलं. कॅमेऱ्याचं उजेड मोजणारं मीटर असं धरून चालतं की समोरचं दृश्य सरासरीने मधल्या राखाडी रंगाचं आहे, म्हणजे साधारण १८ टक्के उजेड परत फेकणारं. ताजा बर्फ ८० ते ९० टक्के उजेड परत फेकतो. कॅमेऱ्याला वाटतं बापरे उजेड फार झाला, आणि तो फोटो काळपट करून पांढऱ्याचा राखाडी करतो. म्हणून फ्रेममध्ये बहुतेक बर्फच असेल तेव्हा प्लस-मायनसचं चिन्ह असलेलं एक्स्पोजरचं बटण घेऊन +१ ते +२ पर्यंत जायचं, मी बहुतेक वेळा +१.३ पासून सुरुवात करते. आयफोन असेल तर फांदीवर बोट टेकवलं की बाजूला छोटा सूर्य येतो तो वर सरकवायचा, बऱ्याच ॲन्ड्रॉइडवरही असंच काहीतरी असतं. हिस्टोग्राम म्हणजे फोटोत काळं किती, पांढरं किती हे दाखवणारा आलेख, त्याचा डोंगर उजवीकडे सरकला पाहिजे पण उजव्या भिंतीला चिकटता कामा नये, चिकटला की बर्फातले बारीक खड्डे-उंचवटे सगळे गेले, ते नंतर कुठल्याही ॲपमध्ये परत येत नाहीत. रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेली सगळी माहिती तशीच ठेवणारी फाइल, काढता येत असेल तर रॉच काढा.

निळ्याचं कारण सोपं आहे, सावलीतल्या बर्फावर सूर्य नसतो, त्याला उजेड मिळतो तो निळ्या आकाशाचा. डोळा ते दुरुस्त करून घेतो, कॅमेरा नेहमी करत नाही. व्हाइट बॅलन्स, म्हणजे फोटोतला निळा-पिवळा रंग सांभाळणारं सेटिंग, 'शेड'वर (सावलीवर) ठेवून बघा. पण सगळा निळा काढू नका, उन्हातला बर्फ किंचित पिवळसर आणि सावलीतला किंचित निळा असाच तो खरा असतो आणि त्यामुळेच फांदीची गोलाई कळते.

आता फांद्या न दिसण्याचं. बटणं दोन दिवसांत येतात पण हे कळायला मला तीन हिवाळे लागले. बर्फ पांढरा दिसतो तो मागे काहीतरी काळं असतं म्हणून. पांढऱ्या आकाशासमोर पांढरी फांदी धरली तर कॅमेरा कितीही महागाचा घ्या, काही उपयोग नाही. अमेरिकेतल्या व्हरमाँटमधल्या जेरिकोचा विल्सन बेंटली नावाचा शेतकरी होता, त्याने १५ जानेवारी १८८५ ला सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून हिमकणाचा पहिला फोटो काढला आणि १९३१ मध्ये वारला तोवर ५००० च्या वर कण टिपले. हा माणूस निगेटिव्हची प्रत काढायचा आणि त्या प्रतीवर कणाच्या भोवतीचा थर चाकूने खरवडून टाकायचा, कशासाठी तर छापताना मागची बाजू काळी यावी म्हणून! एकेका कणाभोवती इतकी मेहनत. मला हे वाचल्यापासून फांदी दिसली की पहिल्यांदा मी तिच्या मागे काय आहे ते बघते.

आणि त्यासाठी चाकू लागत नाही, चार पावलं लागतात. गुडघ्यावर बसा, बाजूला सरका, थोडं चढावर जा, म्हणजे फांदीच्या मागे आकाशाऐवजी सूचिपर्णी झाडांची गर्दी येईल, किंवा सावलीतला डोंगर, न गोठलेलं पाणी, लाकडी घराची भिंत. माझी ठरलेली जागा इथल्या मिनेहाहा धबधब्याच्या खालची घळ आहे, तिथे ओढ्याचं पाणी काळं दिसतं आणि त्यावर ओणवलेल्या फांद्या अशा उठून येतात की हात थंडीने बधिर झाले तरी निघवत नाही. शक्य असेल तर थोडं लांब उभं राहून झूम करा, मागची गर्दी जवळ येते आणि एकसारखी गडद होते.

पण इथे एक गोची आहे आणि ती बहुतेक लोक सांगत नाहीत. मागे काळं आलं की मीटर उलट फसतं. आता फ्रेममध्ये बहुतेक काळंच आहे, मग कॅमेरा म्हणतो उजेड कमी पडला, आणि फोटो उजळ करतो, आणि फांदीवरचा बर्फ जळून नुसता पांढरा डाग होतो. तेव्हा प्लस नाही, मायनस, कधी -०.७ तर कधी -१. म्हणजे "बर्फात नेहमी प्लस करा" असं कुणी सांगितलं तर ते अर्धंच खरं आहे, फ्रेममध्ये पांढरं जास्त की काळं जास्त ते बघून ठरवायचं.

उजेड बाजूने किंवा फांदीच्या मागून घ्या, तुमच्या पाठीमागून ऊन आलं तर बर्फ पुठ्ठ्यासारखा सपाट दिसतो. फांदीच्या मागून आलं तर कडा पेटल्यासारख्या चमकतात. इथे डिसेंबरात भर दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून २१-२२ अंशच वर असतो त्यामुळे आम्हाला दिवसभर तिरकं ऊन मिळतं. गुलमर्गला जानेवारीच्या मध्यात दुपारी तो ३५ अंशांच्या आसपास असेल, म्हणजे सकाळचे पहिले दोन तास आणि संध्याकाळ धरा.

सकाळचं म्हणते त्याला आणखी एक कारण आहे. फांदीवरचा बर्फ टिकत नाही. शून्य अंशाच्या आसपास पडलेला बर्फ थोडा ओलसर असतो, कण एकमेकांना आणि सालीला धरतात, मग बोटभर फांदीवरसुद्धा वीतभर बर्फ उभा राहतो. उणे १५-२० ला पडलेला बर्फ कोरड्या पिठासारखा असतो, वाऱ्याची एक झुळूक आली की संपलं. म्हणून आमच्याकडे लगडलेल्या फांद्या कडाक्याच्या थंडीत कमी आणि नोव्हेंबर, मार्च, एप्रिलमध्ये जास्त मिळतात. बर्फ थांबल्याबरोबर, वारा सुटायच्या आणि ऊन चढायच्या आत बाहेर पडायचं. नाश्ता नंतर. हॉटेलात सगळे उठून चहा-पराठे होईपर्यंत निम्म्या फांद्या मोकळ्या झालेल्या असतात, हे मी घरच्यांबरोबरच्या ट्रिपांमध्ये अनुभवलंय आणि प्रत्येक वेळी जीव हळहळलाय.

बर्फ पडला नसतानाही फांद्या पांढऱ्या होतात ते वेगळं. दाट धुक्यातले अतिथंड थेंब फांदीला आपटून जागेवर गोठतात आणि वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला काटे वाढतात, त्याला इथे राइम म्हणतात. जवळून काढायला याच्याइतकं सुंदर काही नाही. तुम्हाला सकाळी धुकं दिसलं तर खोलीत बसू नका.

पडता बर्फ फोटोत हवा असेल तर १/३० सेकंदाला रेघा येतात, १/५०० ला ठिपके. मला फांद्यांबरोबर ठिपके आवडतात, रेघांनी फांदीची ओळ मोडते. फ्लॅश बंद ठेवा, जवळचे कण मोठे पांढरे गोळे होऊन येतात.

कॅमेऱ्याची काळजी थोडक्यात. थंडीत बॅटरी लवकर मान टाकते, जादाची बॅटरी स्वेटरच्या आतल्या खिशात अंगाला लागून ठेवा, मोबाइल पण. लेन्सवर कण पडला तर तोंडाने फुंकू नका, वाफ तिथेच गोठते, रबरी ब्लोअर किंवा मऊ ब्रश वापरा. आणि बाहेरून आत येताना, हे कृपा करून विसरू नका, कॅमेरा बाहेर असतानाच झिप लावायच्या प्लास्टिक पिशवीत बंद करा आणि आत आल्यावर दीड-दोन तास उघडू नका. मी पहिल्या हिवाळ्यात उणे १८ मधून तशीच घरात शिरले, लेन्सच्या आतल्या काचेवर पाणी धरलं आणि दुसऱ्या दिवशीची अख्खी सकाळ गेली, बाहेर ऊन आणि लगडलेली झाडं, आणि मी खिडकीत. फोटो लगेच बघायचे असतील तर मेमरी कार्ड बाहेरच काढून घ्या.

गुलमर्गला बर्फ खोल असतो, सूचिपर्णी झाडांच्या बुंध्यापाशी फांद्यांखाली पोकळी राहते आणि वरून कळत नाही, माणूस आत पडू शकतो. फांदी कितीही सुंदर असली तरी बुंध्याजवळ जाऊ नका, झूम करा.

एक विनंती, परतताना श्रीनगरला अर्धा दिवस ठेवा. हजरतबलजवळ काश्मीर विद्यापीठाच्या आवारात नसीम बाग आहे, मुघलकाळात लावलेली चिनारांची बाग. जानेवारीत पानं नसतात, सगळे जण पानांसाठी शरद ऋतूत जातात म्हणून जानेवारीत जा असं कुणी सांगत नाही. पण चिनारची छोटी गोल फळं देठाला लोंबकळत हिवाळाभर राहतात आणि बर्फ पडला की प्रत्येकावर इवलीशी टोपी बसते. आमच्याकडे क्रॅबॲपलची, म्हणजे छोट्या जंगली सफरचंदाची, बोराएवढी लाल फळं अशीच फांदीवर राहतात, त्यांच्यावर मी दरवर्षी एक तरी सकाळ घालवते. फळाच्या मागे दुसऱ्या चिनारचा काळपट बुंधा येईल असं उभं राहा, मायनस ०.७ पासून सुरू करा, आणि जमला तर तो फोटो इथे खाली नक्की टाका, मला फार बघायचाय.