मुलाला माइंडफुलनेसच्या क्लासला घालण्याआधी

तुमचा मुलगा चौथीत आहे, शाळेच्या दिवशी सकाळी त्याच्या पोटात दुखतं आणि डॉक्टरांच्या तपासणीत काही निघालं नाही. तुमचीही झोप उडाली आहे. आणि घोडबंदर रोडवरच्या मुलांच्या माइंडफुलनेस (म्हणजे श्वासाकडे, आवाजांकडे, आत्ताच्या क्षणाकडे लक्ष देण्याचा सराव) क्लासची फी भरावी का, असं तुम्ही विचारलंय. ठाण्यातल्या शाळांमध्ये बरीच वर्षं समुपदेशक म्हणून काम केलंय, त्यावरून स्पष्टच सांगते ताई, फी आत्ता भरू नका. सुरुवात तुमच्यापासून करा.

ब्रिटनमध्ये ११ ते १४ वयाच्या ८ हजारांहून जास्त मुलांचा मोठा अभ्यास झाला. काही शाळांत माइंडफुलनेसचे धडे दिले, बाकीच्यांत नेहमीचंच शिकवलं. २०२२ मध्ये निष्कर्ष आले, तेव्हा मुलांच्या मनःस्वास्थ्यात फरक दिसला नाही. बहुतेकांनी घरी सरावच केला नव्हता. शिक्षकांचा शीण मात्र काही काळ तरी कमी झाला. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये अमेरिकेत सुरू केलेला माइंडफुलनेसचा मूळ कार्यक्रमही जुनाट दुखणी असलेल्या मोठ्या माणसांसाठीच होता.

म्हणून संध्याकाळी ऑफिसातून आलात की बेल वाजवण्याआधी जिन्यात दोन मिनिटं थांबा. चार आकडे मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर. श्वास सोडताना वेळ लावला की हृदयाचे ठोके जरा मंदावतात, हे शरीराचं साधं गणित आहे. घाईने घरात शिरणारी आई आणि थांबून शिरणारी आई, मुलाला लगेच कळते.

मुलाला मात्र 'डोळे मिटून शांत बस' असं सांगू नका. घाबरलेल्या मुलाला डोळे मिटले की भीतीच जास्त दिसते. माझ्याकडे एक मुलगा यायचा. मुठी घट्ट आवळलेल्या, नजर दाराकडे. त्याच्या आईला म्हटलं, संध्याकाळी तलावपाळीवर घेऊन जा आणि दोघांनी मिळून फक्त आवाज ओळखा. पॅडल बोटीचं पाणी, कोपिनेश्वरची घंटा, भेळवाल्याचं पातेल्यात खडखड चमचा फिरवणं, रिक्षाचा हॉर्न. शाळेचा विषय काढायचाच नाही. असं काही दिवस चाललं आणि एकदा कट्ट्यावर बसल्या बसल्या तो आपणहून म्हणाला, "बसमध्ये मागची मुलं माझा डबा घेतात."

आता सांगा, त्याला श्वास मोजायला शिकवून तो डबा परत मिळाला असता का? त्याच्या आईने वर्गशिक्षिकांना गाठलं, बसमधल्या मावशींनी त्याला पुढच्या सीटवर बसवलं आणि पोटदुखी हळूहळू गेली. आवाज ओळखण्याचा उपयोग झाला तो एवढाच, की त्याला बोलायला जागा मिळाली. माझ्या मते हा उपयोग फार मोठा आहे. पण क्लासवाले हे सांगत नाहीत, आणि पालकही कारण शोधायचं सोडून मुलाला 'स्ट्राँग' करायला निघतात. याचा मला मनापासून त्रास होतो.

तुमच्या झोपेबद्दल. दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप नाही, कशात मन लागत नाही, रडू येतं, असं असेल तर ध्यानावर भागवू नका, डॉक्टरांना भेटा. कुणी इगतपुरीला विपश्यना ध्यानाच्या दहा दिवसांच्या शिबिराला जा म्हणेल, पण मन इतकं ढासळलेलं असताना तिथे जायची घाई नको. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये सुरू केलेली आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था आहे, मुलं आणि मोठे दोघांसाठी. रात्री-अपरात्री बोलावंसं वाटलं तर सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन १४४१६ आहे, २४ तास, मोफत, आणि मराठीत बोलता येतं. स्वतःचं काही बरंवाईट करावं असा विचार मनात आला तर त्याच क्षणी फोन करा आणि घरातल्या कुणाला तरी जवळ बसवून घ्या.

मुलाला आज 'शाळेत काय झालं?' असं विचारू नका, 'काही नाही' एवढंच उत्तर येईल. बसमध्ये किंवा डबा खाताना शेजारी कोण बसतं, एवढंच सहज विचारा. काय म्हणतो ते इथे कळवा, मग वर्गशिक्षिकांशी कसं बोलायचं ते ठरवू.