राउंडक्यूब चालवताना अपाचे अधूनमधून आपोआप बंद का पडतो?

तुमची हकीकत अशी: दोन जीबी रॅमचा व्हीपीएस (भाड्याचा आभासी सर्व्हर), अपाचे (वेब सर्व्हर), मॉड-पीएचपी (अपाचेच्या आतच पीएचपी चालवणारं मॉड्यूल), वर राउंडक्यूब (ब्राउझरमधून मेल बघायचं सॉफ्टवेअर). आठवड्यातून दोन-तीनदा अपाचे बंद. एरर लॉगमध्ये फक्त 'कॉट सिगटर्म, शटिंग डाउन'. रिस्टार्ट केला की पुन्हा ठणठणीत.

ती ओळच नीट वाचा. सिगटर्म म्हणजे कोणीतरी अपाचेला रीतसर थांबायला सांगितलंय. हा क्रॅश नव्हेच. तुम्ही किंवा लॉगिन असलेल्या दुसऱ्या कोणी सांगितलं नसेल, तर माझा संशय लिनक्सवर सर्व्हिसेस चालू-बंद करणाऱ्या सिस्टिमडीवर.

आमच्या ऑफिसचा सर्व्हर सोमवारी सकाळी दहाच्या सुमारास असाच बसायचा. मी आधी राउंडक्यूबला शिव्या घातल्या, प्लगइन एकेक करून बंद केले, व्हर्जन बदललं. दोन आठवडे वाया. मग 'जर्नलसीटीएल -के' चालवून कर्नलचा (लिनक्सच्या गाभ्याचा) लॉग पाहिला. 'आउट ऑफ मेमरी, किल्ड प्रोसेस', आणि पुढे कंसात अपाचेचं नाव. रॅम संपली म्हणून कर्नलने अपाचेचं एक पोर (विनंत्या हाताळणारी चाइल्ड प्रोसेस) मारलं होतं. सिस्टिमडीचं ओओएमपॉलिसी (रॅम संपून प्रोसेस मारली गेली तर काय करायचं, ते सेटिंग) मुळात 'स्टॉप' असतं. युनिट फाइलीत (सर्व्हिसच्या सेटिंग्जची फाइल) वेगळं लिहिलेलं नसेल तर एक पोर मेलं की तो अख्खी सर्व्हिस आवरती घेतो.

रॅम का संपते, तर गुणाकारामुळे. डेबियन-उबंटूत प्रीफोर्कच्या (दर कनेक्शनला एक वेगळं पोर देण्याची अपाचेची पद्धत) फाइलीत मॅक्सरिक्वेस्टवर्कर्स, म्हणजे एका वेळी जास्तीत जास्त किती पोरं, १५० लिहूनच येतं. आमचं एकेक पोर राउंडक्यूबसकट ६५ एमबी खात होतं. १५० पोरं म्हणजे साडेनऊ जीबी, आणि खिशात दोन! त्यात उघड्या ठेवलेल्या प्रत्येक टॅबमधून राउंडक्यूब दर ६० सेकंदांनी नवी मेल विचारतो. कोणी २० एमबीची फाइल जोडली की बेस६४ मध्ये (मेलसाठी फाइल मजकुरात बदलण्याची पद्धत) ती २७ च्या आसपास जाते. सोमवारी सकाळी हे सगळे एकदम येतात, म्हणून सर्व्हर तेव्हाच बसतो; हे कळेपर्यंत मात्र ते 'रँडम' वाटतं.

मी मारियाडीबी (डेटाबेस), डव्हकॉट (मेल सर्व्हर) आणि बाकी सिस्टिमसाठी ७०० एमबी बाजूला काढले. उरलेल्या १३०० ला ६५ ने भागलं आणि मॅक्सरिक्वेस्टवर्कर्स २० केलं. एकविसावा माणूस रांगेत थांबतो, पण सर्व्हर मरत नाही. कीपअलाइव्हटाइमआउट (रिकामं कनेक्शन किती सेकंद उघडं ठेवायचं) ५ वरून २ केला, कारण प्रीफोर्कमध्ये नुसतं ताटकळणारं कनेक्शनही एक पोर अडवून बसतं. (टॉप कमांडमधला आरईएस, म्हणजे प्रोसेसने व्यापलेल्या रॅमचा आकडा, सामायिक मेमरी प्रत्येकाच्या नावावर पुन्हा मोजतो, त्यामुळे हिशेब थोडा कडकच निघतो. चालतं.) ओओएमपॉलिसी 'कंटिन्यू' करता येतं, पण एवढंच केलंत तर पुढच्या खेपेला कर्नल मारियाडीबीला उचलेल आणि राउंडक्यूब डेटाबेसच्या नावाने रडेल. वेळ असेल तर पीएचपी-एफपीएमवर जा, म्हणजे पीएचपी अपाचेबाहेर वेगळ्या प्रोसेसमध्ये चालवा. मग आयकॉन नि सीएसएस देण्यासाठी ६५ एमबीचा पैलवान लागत नाही.

कर्नलच्या लॉगमध्ये मेमरीचा उल्लेखच नसेल आणि अपाचेच्या लॉगमध्ये 'सेगमेंटेशन फॉल्ट (११)' दिसत असेल, म्हणजे प्रोग्रॅमने चुकीच्या मेमरीला हात लावून खरोखर क्रॅश झाला असेल, तर दुखणं वेगळं. पीएचपीची बाहेरून टाकलेली एक्स्टेन्शन्स एकेक करून काढा, तरी सापडलं नाही तर कोअरडंपडिरेक्टरी (क्रॅशच्या वेळची मेमरी साठवायची जागा) लावून जीडीबी या डिबगरमध्ये बॅकट्रेस (क्रॅशपर्यंतच्या फंक्शन कॉल्सची यादी) घ्या. तो इथे टाका, बघतो.