‘हे तुला कुठून कळले?’ : शाळेतल्या एका नव्या ग्रंथपालास पत्र

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. ‘मी शिक्षक नाही, कारकूनही नाही, मग या शाळेत मी नेमकी कोण?’ हे त्यातले वाक्य मला फार लागले. अर्धवेळ ग्रंथपालाचे पद, शिक्षकेतर कर्मचाऱ्यांच्या यादीत नाव, जूनमध्ये मोफत पाठ्यपुस्तकांचे वाटप, मग यू-डायसची, म्हणजे शाळेची सरकारी आकडेवारीची, माहिती भरणे, आणि एखादे सर रजेवर गेले की ‘जरा वर्ग सांभाळा’ म्हणून त्यांच्या तासाला पाठवणी, हे सारे मी भोगलेले आहे. त्याबद्दल तुझे सांत्वन करण्यात मी वेळ घालवणार नाही. बी.एड. करून वर्गशिक्षिका व्हावे का, हा तुझा खरा प्रश्न आहे आणि त्याकडे मी येते. परंतु त्याआधी, पत्रात तू जाता जाता लिहून सोडून दिलेल्या एका प्रसंगाविषयी मला बोलायचे आहे.

परिपाठात आठवीच्या एका मुलाने ‘युनेस्कोने जन गण मन हे जगातील सर्वोत्तम राष्ट्रगीत म्हणून जाहीर केले’ अशी बातमी वाचली, साऱ्या शाळेने टाळ्या वाजवल्या आणि तू रांगेच्या मागे गप्प उभी राहिलीस. ही बातमी कित्येक वर्षे फिरते आहे आणि असे काही जाहीर केलेले नाही, हे युनेस्कोकडून स्पष्ट झालेले आहे, हे तुला ठाऊक होते. भर परिपाठात बोलणे बरे दिसले नसते, असे तू लिहितेस, तेही मला पटते. पण तोच मुलगा मधल्या सुट्टीत पुस्तक बदलायला आला तेव्हा तू त्याच्या पुस्तकावर तारखेचा शिक्का मारलास आणि त्याला जाऊ दिलेस, हे मात्र मला पटलेले नाही. त्याला खोटे पाडायचे नव्हते, त्याचा उत्साह मारायचा नव्हता. एवढेच विचारायचे होते : ‘हे तुला कुठून कळले?’

तुझ्या नोकरीचा गाभा या चार शब्दांत आहे. मी ते या पत्रात पुन्हा पुन्हा लिहिणार आहे. कंटाळा आला तरी वाच.

वर्गावरच्या शिक्षकांना अभ्यासक्रम संपवायचा असतो, घटक चाचणी घ्यायची असते, उत्तरपत्रिकेत एकच उत्तर बरोबर धरायचे असते. त्यांना दोष देऊ नकोस, त्यांचे काम तसेच आहे. तुझ्या तासाला मात्र गुण नाहीत, म्हणून तिथे एकाच प्रश्नाची दोन उत्तरे शेजारी शेजारी नांदू शकतात. महाराष्ट्रातल्या जिल्ह्यांचेच घे. तुझ्या कपाटातल्या सामान्यज्ञानाच्या जुन्या पुस्तकात ३५ जिल्हे सापडतील, नव्या पुस्तकात ३६. मुले लगेच विचारतात, ‘बाई, बरोबर कुठले?’ त्या क्षणी तोंडातून उत्तर बाहेर पडू देऊ नकोस. दोन्ही पुस्तके त्यांच्या हाती दे, शीर्षकपृष्ठाच्या मागचे पान उघडायला लाव आणि आवृत्ती कोणत्या वर्षाची आहे ते मोठ्याने वाचायला सांग. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला, हे ती मग स्वतःच शोधून काढतात, आणि पुस्तकाला मागचेही एक पान असते हे त्यांना जन्मभरासाठी कळते. म्हणून निर्लेखनाची, म्हणजे साठ्यातून काढून टाकायच्या पुस्तकांची, यादी करताना असे एखादे जुने पुस्तक हट्टाने मागे ठेव. पडताळणीला येणारे अधिकारी विचारतील, तेव्हा हे माझे शिकवण्याचे साधन आहे असे सांग.

पण इथेच थांबलीस तर ‘नवे ते खरे’ असा समज मुले घेऊन जातील आणि तोही तितकाच घातक आहे. त्यासाठी मी आठवीला शिवाजी महाराजांच्या जन्मतिथीचा प्रश्न देत असे. जुन्या चरित्रांत १६२७ हे वर्ष सापडते, आज शासन १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख मानते. फरक कशाने पडला, याचा शोध घेताना मुले बखरी आणि समकालीन साधने यांच्यापर्यंत पोहोचत. शके १५४९ (इ.स. १६२७) सांगणाऱ्या बखरी पुष्कळ नंतरच्या आहेत. जेधे शकावली ही जेधे घराण्याकडची घटनांची कालनोंद आणि महाराजांच्या हयातीत रचलेले परमानंदाचे शिवभारत ही दोन्ही साधने शके १५५१ (इ.स. १६३०) सांगतात. या ठिकाणी घटनेच्या जवळचा, म्हणजे अधिक जुना साक्षीदार अधिक भरवशाचा ठरला. जिल्ह्यांच्या बाबतीत नवे पुस्तक बरोबर होते, कारण जगच बदलले होते. एकदा एक मुलगी मला म्हणाली, ‘म्हणजे बाई, पुस्तकालासुद्धा विचारायचे, तुला कुठून कळले म्हणून?’ होय, पुस्तकालासुद्धा. मराठी विश्वकोशाचा कोणताही खंड उघड; नोंदीच्या शेवटी संदर्भ आणि लिहिणाऱ्याचे नाव दिलेले असते. मोबाईलवर पुढे ढकललेल्या मजकुराखाली काय असते, हे पाहण्याचे काम मुलांवर सोपव.

तू म्हणशील, ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांनी १९३१ साली मांडलेल्या ग्रंथालयाच्या पाच नियमांत वाचकाचा वेळ वाचवावा असा चौथा नियम आहे, मग सरळ उत्तर का देऊ नये? हा युक्तिवाद मी फार ऐकला आहे आणि मला त्याचा आता राग येतो. हवे ते पुस्तक सापडण्यात वाचकाचा वेळ जाऊ नये, म्हणून तो नियम आहे. विचार करण्यात जाणारा वेळ वाचवावा, असे त्यातून निघत नाही. पुस्तकांची तालिका नीट लाव, कपाटांवर विषयांच्या पट्ट्या लाव, शोधण्याचा वेळ जरूर वाचव. त्यापुढचा वेळ मुलाचा आहे, तो त्याच्याकडून हिरावून घेऊ नकोस.

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात, राईनपाडा येथे, भटक्या समाजातील पाच माणसे जमावाने ठार मारली. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, अशी अफवा मोबाईलवरून पसरली होती. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मजकूर एका वेळी पाच ठिकाणीच पाठवता येईल अशी मर्यादा घातली. त्या वर्षी केरळच्या कन्नूर जिल्ह्यात मात्र सरकारी शाळांतून खोट्या बातम्या ओळखण्याचे वर्ग घेतले गेले. मर्यादेने अफवेचा वेग कमी होतो; तो मजकूर वाचणाऱ्याच्या मनात प्रश्न उठावा, ही सवय कोणीतरी लहानपणीच लावावी लागते. त्या जमावातली सगळी माणसे निरक्षर होती, असे मला कोणी सांगू नये. त्यांना वाचता येत होते, पण ‘हे कुठून कळले?’ असे विचारण्याची सवय त्यांना कोणी लावलेली नव्हती. ती लावणे हे माझे काम आहे, असे मी सेवेच्या अखेरच्या दिवसापर्यंत मानले.

ही सवय केवळ विद्वत्तेने लागत नाही, हेही लक्षात ठेव. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी इतिहासाचे १० अभ्यासक, बातम्यांची सत्यता तपासणारे १० व्यावसायिक आणि २५ विद्यार्थी यांना अनोळखी संकेतस्थळे पारखायला दिली होती. अभ्यासक आणि विद्यार्थी बहुतांशी त्याच पानावर रेंगाळले आणि देखणे बोधचिन्ह व भारदस्त नाव यांना भुलले. तपासनीस मात्र ते पान बाजूला ठेवून, त्या संस्थेविषयी इतर कोण काय म्हणते ते आधी पाहायला गेले. संगणक कक्षाची किल्ली मिळेल त्या दिवशी मुलांना एवढेच करायला शिकव. हल्ली मुले यंत्रालाच प्रश्न विचारतात आणि ते क्षणात सफाईदार मराठीत उत्तर देते, प्रसंगी अस्तित्वात नसलेल्या पुस्तकांची नावेही देते. तसे नाव घेऊन मूल तुझ्याकडे आले तर त्याला रागावू नकोस. हे पुस्तक, हा लेखक, हा प्रकाशक खरोखर आहे का, हे कसे पाहायचे, हे साऱ्या शाळेत तुझ्याइतके कोणाला येते?

माझ्याविषयी तुझ्या कानावर आलेच असेल. बाई हट्टी आहेत, साध्या प्रश्नाचे सरळ उत्तर देत नाहीत, वर्गशिक्षकांच्या कामात ढवळाढवळ करतात, असे बोलले जाई. प्रकल्पवहीत सगळ्यांनी एकच छापील मजकूर चिकटवून आणला की मी त्या वह्या परत पाठवायची, यावरून बरेच वाजलेही. कपाटांची कुलुपे काढून टाकल्यामुळे साठा पडताळणीत पुस्तके कमी भरली, तेव्हा मला लेखी खुलासा द्यावा लागला. मी तो दिला, आणि पुन्हा तीच नोकरी मिळाली तर पुन्हा कुलुपे काढीन. गहाळ झालेली पुस्तके मुलांच्या घरी गेली होती, आणि ती जाण्याकरताच घेतलेली होती.

खंत मला निराळीच आहे. हा तास मला वेळापत्रकात कधीही मिळाला नाही. कोणी रजेवर गेले तरच वर्ग माझ्या हाती येई, आणि त्यामुळे ज्या तुकड्यांचे शिक्षक नियमित येत, त्या तुकड्यांतली मुले माझ्याकडून काहीच न शिकता दहावी होऊन गेली. त्यांची तोंडे मला ओळखीची आहेत, बाजारात भेटली की ती वाकून नमस्कार करतात. अशा वेळी मला फार अपुरे वाटते.

आता बी.एड.चे. करायचे तर अवश्य कर, ज्ञान वाया जात नाही, पगाराचा प्रश्नही खरा आहे आणि त्यावरून तुला उपदेश करण्याचा मला अधिकार नाही. परंतु शिक्षक होण्यासाठी म्हणून करू नकोस. ‘मी शिक्षक नाही’ हे वाक्य तुझ्या पत्रात तीनदा आले आहे. ते मला पुन्हा लिहू नकोस.

त्याऐवजी एक अर्ज लिही. सहावी ते आठवीच्या प्रत्येक तुकडीला पंधरवड्यातून एक तास ग्रंथालयासाठी वेळापत्रकात नोंदवून मिळावा, अशी मागणी मुख्याध्यापकांकडे कर. सोबत पहिल्या सहा तासांचे विषय जोड, म्हणजे गोष्टीची पुस्तके वाटण्यासाठी तास हवा आहे असा समज होणार नाही. त्यातला एक तास दिवाळीच्या सुट्टीआधी ठेव आणि ‘दिवाळीच्या रात्री अवकाशातून दिसणारा भारत’ म्हणून दरवर्षी फिरणारे ते रंगीबेरंगी चित्र मुलांपुढे ठेव. ते एका रात्रीचे छायाचित्र नाही. अनेक वर्षांतले रात्रीचे दिवे निरनिराळ्या रंगांत दाखवून अमेरिकन शास्त्रज्ञ ख्रिस एल्विज यांनी २००३ साली ते तयार केले होते. हे तू सांगायचे नाहीस, तू फक्त विचारायचेस. अर्ज दोन प्रतींत कर, पोचप्रतीवर आवक क्रमांक घे, आणि देण्याआधी मसुदा मला पाठव. मी दुरुस्त्या करून त्याच आठवड्यात परत करते.

तुझ्या,
ग्रंथालयाच्या बाई